जुन्या विश्वकोशांचे मोल

गेल्या पिढीने हप्त्याहप्त्याने पैसे भरून घेतलेले विश्वकोशांचे संच आज आपल्या कित्येक घरांत आणि धर्मग्रामांच्या वाचनालयांत काचेच्या कपाटाआड उभे आहेत. घर पाडून इमारत उभी राहते, वाचनालयाची खोली धर्मशिक्षणाच्या वर्गाला हवी असते, मुले परदेशी स्थायिक होतात, आणि मग प्रश्न उभा राहतो : या पंचवीस-तीस जाडजूड खंडांचे काय करायचे? कोणी म्हणतो, हे सोन्याच्या मोलाचे आहेत. कोणी म्हणतो, रद्दीवाल्याला बोलवा. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. जुन्या कोशाची किंमत ठरवायची तर त्याचा इतिहास ठाऊक असावा लागतो. तो इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि आपल्या समाजाशी त्याचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

प्रथम एक कटू गोष्ट सांगून टाकू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापलेल्या बहुतेक इंग्रजी विश्वकोशांना आज पुनर्विक्रीची किंमत जवळजवळ नाही. याचे कारण केवळ संगणक नव्हे. या ग्रंथांची मूळ किंमतच कागद आणि छपाई यांवर ठरलेली नव्हती. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याची दलाली, जाहिरात आणि हप्त्यांची सोय यांचा फार मोठा भार तीत असे. त्यामुळे संच घरी आला त्याच दिवशी त्याची बाजारातली किंमत निम्म्याखाली जाई.

या विक्रीपद्धतीची पाळेमुळे १८९८ सालात सापडतात. लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्राने होरेस हूपर या अमेरिकन पुस्तकविक्रेत्याच्या योजनेनुसार 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या नवव्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी दराने विकावयास काढले. आरंभी एक गिनी भरावी, संच घरी यावा आणि उरलेली रक्कम दरमहा फेडीत राहावी, अशी ती सोय होती. प्रतिष्ठित ब्रिटिश वाचकांनी या जाहिरातबाजीबद्दल नाके मुरडली, पण संच मात्र घेतले. विश्वकोश विद्वानाच्या अभ्यासिकेतून कारकुनाच्या दिवाणखान्यात आला तो असा. पुढे ब्रिटानिकाची मालकी अमेरिकेत गेली आणि ही पद्धत जगभर पसरली. १९९० साली अमेरिकेत सुमारे १,२०,००० संच विकले गेले. तो कळस होता. १९९३ साली मायक्रोसॉफ्टने 'एन्कार्टा' नावाचा कोश तबकडीवर आणला, २००१ साली विकिपीडिया निघाला आणि मार्च २०१२ मध्ये ब्रिटानिकाने छापील कोश बंद केल्याची घोषणा केली. २०१० च्या अखेरच्या मुद्रणाच्या १२,००० संचांपैकी त्या वेळी सुमारे ८,००० च विकले गेले होते. गंमत अशी, की घोषणा होताच उरलेले संच भराभर संपले. जे विकत नव्हते ते 'शेवटचे' ठरताच हवेसे झाले! त्या संचाचे वजन १२९ पौंड, म्हणजे अठ्ठावन्न किलोंच्या वर आहे. दूरच्या गिऱ्हाइकाला तो पाठवायचा तर टपालखर्चच किमतीला गिळून टाकतो. घरातल्या जाणत्यांनी हा हिशेब आधी करावा.

मग मोल कशाला आहे? ते समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

आधुनिक विश्वकोशांत सर्वांत गाजलेला फ्रेंच 'आंसिक्लोपेदी' हा होय. दिदरो आणि दालांबेर यांच्या संपादनाखाली १७५१ पासून त्याचे मजकुराचे सतरा खंड निघाले आणि १७७२ पर्यंत चित्रांचे अकरा खंड पूर्ण झाले. आरंभी हे काम चेंबर्सच्या १७२८ च्या इंग्रजी कोशाचे भाषांतर म्हणून हाती घेतलेले होते. लेखकांत काही धर्मगुरूही होते. तथापि धर्मश्रद्धेवरील आडून केलेल्या वारांमुळे १७५९ साली पोप तेरावे क्लेमेंट यांनी त्याचा निषेध केला आणि तो निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. ज्या ग्रंथाच्या प्रती श्रद्धावंतांनी जवळ ठेवू नयेत असा आदेश होता, त्याचाच पूर्ण संच आज युरोपातील लिलावांत लाखो रुपयांच्या मोलाने जातो. बाजाराला निषेधाचे वावडे नसते, किंबहुना त्याला तो मानवतोच. इटलीतील लुक्का या नगरात मात्र याच कोशाचे पुनर्मुद्रण आक्षेपार्ह मजकुरावर टिपा जोडून काढण्यात आले. खंडन करीत छापणे ही बंदीहून शहाणपणाची वाट, असे आम्हांस वाटते.

किमतीच्या दृष्टीने या कोशाची हकिगत बोधप्रद आहे. मोठ्या आकाराच्या पहिल्या आवृत्तीला अखेर ९८० लिव्र पडत. नंतर निघालेल्या मध्यम आकाराच्या आवृत्तीला ३८४ आणि लहान आकाराच्या आवृत्तीला २२५ लिव्र. मजकूर बहुतांशी तोच, परंतु स्वस्त आवृत्त्यांत चित्रे फार थोडी राहिली. इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की क्रांतीपूर्वीच्या सुमारे चोवीस हजार संचांपैकी बहुसंख्य संच या स्वस्त आवृत्त्यांचेच होते. लोकांपर्यंत ज्ञान नेले स्वस्त आवृत्तीने आणि संग्राहक पैसे मोजतो महाग आवृत्तीला. उपयोग आणि किंमत यांची ही फारकत पुढेही सर्वत्र दिसते.

आता ब्रिटानिकाकडे वळू, कारण आपल्याकडे बहुधा हाच कोश असतो. त्याची पहिली आवृत्ती एडिंबरा येथे १७६८ ते १७७१ या काळात तीन खंडांत निघाली. विल्यम स्मेली हा संपादक, कॉलिन मॅकफार्कर मुद्रक आणि अँड्र्यू बेल हा ताम्रपत्रांवर चित्रे कोरणारा. प्रसूतिशास्त्रावरील काही चित्रे अश्लील मानून ग्राहकांनी फाडून टाकली, अशी हकिगत सांगतात. म्हणून जाणता खरेदीदार ती चित्रे आहेत की नाहीत हे आधी पाहतो. इथे एक सावधगिरीची सूचना हवी. द्विशताब्दीनिमित्त १९६८ साली या आवृत्तीची हुबेहूब प्रतिकृती काढण्यात आली आणि जुनेपणाचे डागसुद्धा कागदावर छापण्यात आले! नामपृष्ठावर १७७१ वाचून कोणी हर्षभरित झाले, तर कागदावरून बोट फिरवून पाहावे. जुन्या छपाईत ठशांचा दाब हाताला जाणवतो आणि खरे डाग एका पानातून दुसऱ्या पानात उतरलेले असतात.

नववी आवृत्ती (१८७५–८९) विद्वानांची म्हणून प्रसिद्ध आहे. पण अमेरिकेत तिची चोरटी पुनर्मुद्रणे अमाप झाली आणि त्यांची किंमत मूळ आवृत्तीच्या मानाने किरकोळ आहे. दहावी आवृत्ती (१९०२–०३) म्हणजे नवव्या आवृत्तीच्या चोवीस खंडांना जोडलेले अकरा पुरवणी खंड. ते अकराच हाती असले, तर संच अपुरा समजावा. अकरावी आवृत्ती १९१०–११ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केली : एकोणतीस खंड, अखेरचा सूचीचा. जुन्या ब्रिटानिकांपैकी वाचनासाठी आजही शोधली जाते ती हीच. तिच्यातही भेद आहेत. 'इंडिया पेपर' नावाच्या अत्यंत पातळ पण चिवट कागदावर छापलेले खंड इंचभरच जाड असतात, साध्या कागदावरचे बरेच जाड. शिवाय पुढे अमेरिकेत लहान आकारात, बारीक अक्षरांत एक स्वस्त आवृत्ती विकली गेली. ती दिसायला गोजिरवाणी, वाचायला त्रासाची आणि किमतीला हलकी आहे. १९२६ च्या तेराव्या आवृत्तीच्या तीन पुरवणी खंडांत आइन्स्टाइन आणि फ्रॉइड यांचे लेख आहेत, म्हणून ते सुटेही विकले जातात.

चौदाव्या आवृत्तीविषयी मोठा गैरसमज आढळतो. ती १९२९ साली निघाली खरी, परंतु पुढे १९७३ पर्यंत दरवर्षी थोडाथोडा बदल करून त्याच नावाने छापली जात राहिली. तेव्हा 'आमच्याकडे चौदावी आवृत्ती आहे' हे सांगणे, 'आमच्या घरी कॅलेंडर आहे' असे सांगण्यासारखेच आहे. नामपृष्ठाच्या मागील बाजूस दिलेले अखेरचे वर्ष पाहावे. १९७४ ची पंधरावी आवृत्ती तर प्रथम सूचीवाचूनच निघाली आणि वाचकांच्या तक्रारी ऐकून १९८५ साली सूचीचे दोन खंड देऊन तिची फेरमांडणी करावी लागली. या दोन्ही आवृत्त्यांचे साधे संच बाजारात कोणी विचारीत नाही. त्यांना रद्दीचा भाव हाच बहुधा खरा भाव, हे मान्य केलेले बरे.

परंतु आपल्या वाचनालयांत कधीकधी दुसराच एक संच असतो आणि तो ओळखला जात नाही. तो म्हणजे जुना 'कॅथलिक एन्सायक्लोपीडिया'. काळपट कापडी बांधणी, इंग्रजीतून बारीक दोन रकान्यांची छपाई, आणि कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर वास्तव्य, अशी त्याची एकंदर अवस्था.

या कोशाचा जन्म तक्रारीतून झाला. न्यूयॉर्कमध्ये 'मेसेंजर' या मासिकाचे संपादक असलेले येशूसंघीय फादर जॉन विन यांनी एका प्रचलित अमेरिकन विश्वकोशातील कॅथलिक विषयांवरच्या चुका जाहीरपणे दाखवून दिल्या. केवळ चुका दाखवून भागणार नाही, आपलाच कोश हवा, या विचारातून जानेवारी १९०५ मध्ये संपादक मंडळाची पहिली बैठक झाली. चार्ल्स हर्बरमन हे मुख्य संपादक, आणि एडवर्ड पेस, काँडे पॅलन, थॉमस शॅहन व स्वतः विन हे सहकारी. पहिला खंड मार्च १९०७ मध्ये निघाला, पंधरावा १९१२ मध्ये, सूचीचा सोळावा १९१४ मध्ये आणि पुरवणी खंड १९२२ मध्ये. मूळ पंधरा खंडांना न्यूयॉर्कच्या आर्चबिशपांची, जॉन फार्ली यांची, मुद्रणसंमती आहे. अवघ्या सात-आठ वर्षांत, संगणक आणि विमानटपाल नसताना, जगभरच्या लेखकांकडून मजकूर मागवून हा डोंगर उभा राहिला! ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यातील कॅथलिक विषयांच्या मांडणीवर टीका करण्यात हेच फादर विन अग्रभागी होते. एव्हाना त्यांच्या हाती केवळ तक्रार नव्हती, पर्यायही होता.

या कोशाचे आपल्याला काय? उत्तर खंडांच्या आतच आहे. दुसऱ्या खंडात मुंबई महाधर्मप्रांतावरील लेख आहे. तो लिहिला फादर अर्नेस्ट हल यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या 'एक्झामिनर' साप्ताहिकाचे संपादन करणारे हे इंग्रज येशूसंघीय. भारताविषयीच्या आणखीही नोंदी त्यांच्याच लेखणीच्या आहेत. सहाव्या खंडात गोव्याची नोंद आहे आणि वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचीही. त्यांना १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रूसावर हौतात्म्य आले आणि १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. वसई आणि साष्टीची गावे मात्र मुंबईच्या नोंदीत धुंडाळून चालणार नाही. १८८६ च्या करारानंतर ती पद्रोआदोच्या, म्हणजे पोर्तुगालच्या राजाश्रयाखालच्या दमण धर्मप्रांतात होती, म्हणून चौथ्या खंडात दमणच्या नोंदीकडे वळावे लागते. एकाच शहरात, कधी एकाच आळीत, दोन बिशपांची सत्ता नांदत होती. ही दुहेरी व्यवस्था १९२८ साली संपली. हे लेख लिहिले गेले तेव्हा मात्र ती चालू होती. पद्रोआदो-प्रोपगंडा वादात आपल्या पणजोबांच्या पिढीत घरे फुटली, चर्चच्या किल्ल्यांवरून कज्जे झाले, त्या वादाविषयी त्याच वातावरणात वावरणारा माणूस हे लिहितो आहे. हल यांचा दृष्टिकोन एका बाजूच्या मिशनऱ्याचा आहे, हे वाचकाने ध्यानी ठेवावे. तरीही समकालीन साक्ष ती समकालीन साक्षच. नव्या कोशात हा वाद चार ओळींत मिटतो. जुन्यात त्याची धग लागते.

आणखी एक गंमत. 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स या कोशात सापडतात का, असा शोध घेणारा मराठी वाचक साहजिकच चौदाव्या खंडाकडे जाईल. नोंद आहे ती तिसऱ्या खंडात, 'बस्टन' या आडनावाखाली! गोव्यात राहून १६१६ साली मराठीत ओवीबद्ध महाकाव्य प्रसिद्ध करणारा हा इंग्रज येशूसंघीय असा परक्या नावाआड दडून बसला आहे. सूचीचा सोळावा खंड हरवलेला संच का अपुरा मानतात, हे आता वेगळे सांगावयास नको.

मग या संचाची किंमत किती? मजकुराची म्हणाल तर शून्य. त्याचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला, आणि १९९० नंतरच्या दशकात स्वयंसेवकांनी तो संपूर्ण टंकित करून इंटरनेटवर विनामूल्य ठेवला आहे. त्यामुळे आता किंमत वस्तूची. नामपृष्ठावर रॉबर्ट ॲपल्टन कंपनीचे नाव आणि त्या त्या खंडाचे स्वतंत्र वर्ष असेल, तर तो पहिल्या मुद्रणाचा संच. सर्व खंडांवर १९१३ आणि 'एन्सायक्लोपीडिया प्रेस' असे असेल, तर नंतरचा. पहिल्याला थोडी अधिक मागणी असते. दोन निरनिराळ्या मुद्रणांचे खंड एकत्र केलेला संच दिसायला पूर्ण असतो, पण दर कमी येतो. रंगीत चित्रे आणि नकाशे एकेक करून मोजावेत, कारण शाळकरी मुलांच्या कात्रीने बायबलमधील देशांचे नकाशे कित्येक ठिकाणी नाहीसे झाले आहेत.

१९६७ चा 'न्यू कॅथलिक एन्सायक्लोपीडिया' हा वेगळा ग्रंथ आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लगेच, अमेरिकेच्या कॅथलिक विद्यापीठाने तो पंधरा खंडांत सिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती २००३ साली निघाल्यावर पहिलीचा बाजारभाव उतरला. पण परिषदेच्या ताज्या उत्साहात लिहिलेले तिच्यातील लेख, विशेषतः उपासनेवरचे, आजच्या वाचकाला वेगळेच काही सांगून जातात. विकून फारसे हाती येणार नाही. वाचून येईल.

मराठीत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे स्थान एकमेव आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आलेल्या या गृहस्थाने कंपनी काढून, स्वतः गावोगाव हिंडून वर्गणीदार जमवले आणि १९२० नंतरच्या दशकात तेवीस खंड पुरे केले. त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड स्वतंत्र ग्रंथासारखे आहेत आणि सुटेही मागितले जातात. कागद ठिसूळ झाला आहे, पान उलटताना कोपरा हातात येतो. त्यामुळे चांगल्या स्थितीतला पूर्ण संच विरळा. मजकूर आता इंटरनेटवर वाचता येतो. तरीही एखाद्या जुन्या शिक्षकाच्या घरी असा संच निघाला, तर तो किलोच्या भावाने देऊ नये, एवढे आम्ही आग्रहाने सांगू. पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' आणि वाईहून निघालेला, १९७६ साली पहिला खंड दिसलेला 'मराठी विश्वकोश' यांना मात्र अजून वाचक आहेत. वाचक असलेल्या ग्रंथाची किंमत वाचकच ठरवतो.

आता स्थितीविषयी. कोकणपट्टीची हवा ग्रंथांची वैरीण आहे. कातडी बांधणी असेल, तर कण्यावरून बोट फिरवावे. तांबूस भुकटी हाताला लागली, तर कातडे कुजले आहे आणि तेल-मेण चोळून ते परत येणार नाही. पानांच्या कडेला वेडीवाकडी कुरतडलेली नक्षी म्हणजे कसरीचे काम, आरपार गेलेला मातकट बोगदा म्हणजे वाळवीचे. कसर झटकता येते. वाळवी लागलेला खंड मात्र त्वरित बाजूला काढावा, नाहीतर सबंध कपाट जाते. फाटलेला कणा घरी चिकटपट्टीने जोडू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते, कागदाला डिंकाचा डाग पाडते, आणि खरेदीदार हात आखडतो. वाचनालयाचा शिक्का पानोपानी मारलेला असेल, तरी किंमत उतरते. पण तोच शिक्का एखाद्या बंद पडलेल्या शाळेचा अथवा सेमिनरीचा असेल, तर इतिहासाच्या अभ्यासकाला तो ग्रंथाइतकाच मोलाचा वाटेल. पहिल्या कोऱ्या पानावर कोणी, केव्हा, कोणाला भेट दिले हे लिहिलेले असते. ते पान फाडून मग खंड रद्दीत देण्याची रीत आम्ही पाहिली आहे. लाज वाटावी अशी ती रीत आहे, दुसरे काय म्हणावे?

विक्रीला काढलेल्या संचाची मागितलेली किंमत पाहून हुरळून जाऊ नये. मागणारा काहीही मागतो. प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाला, हे लिलावगृहांच्या जुन्या नोंदींत दिसते. तोच आकडा खरा, आणि तोही पूर्ण, स्वच्छ संचाचा. एखादा खंड कमी असेल, तर भाव प्रमाणात उतरत नाही, कोसळतो.

संच धर्मग्रामाचा असेल, तर आणखी एक गोष्ट. ती चर्चची मालमत्ता असते. कला वा इतिहास या दृष्टीने मौल्यवान ठरणारी वस्तू विकण्यास चर्चच्या कायद्याप्रमाणे रोमची परवानगी लागते. साधा ब्रिटानिका त्या वर्गात येत नाही हे उघड आहे, त्यासाठी कोणी रोमला पत्र लिहू नये. पण आम्ही कपाटे उपसली गेलेली पाहिली आहेत. कोशांच्या त्याच गठ्ठ्यात पोर्तुगीज प्रार्थनापुस्तके, कोंफ्रारियांचे हस्तलिखित हिशेब, क्वचित बाप्तिस्म्याची जुनी वहीदेखील निघते. म्हणून रद्दीवाल्याला निरोप धाडण्याआधी धर्मगुरू आणि गावातला एखादा जुना शिक्षक यांनी मिळून अख्खे कपाट एकदा रिकामे करावे. प्रत्येक खंडाचे नामपृष्ठ, त्यामागचे वर्ष, सूचीचा खंड आणि पहिले कोरे पान पाहून एका वहीत टिपून ठेवावे. अशी यादी हाती आली, की महाधर्मप्रांताचे ग्रंथालय, सेमिनरी किंवा महाविद्यालय यांना विचारणे सोपे जाते. त्यांच्याकडे तोच संच अपुरा असण्याचा संभव बराच असतो, आणि आपला सुटा सोळावा खंड त्यांची पंधरा खंडांची फळी पुरी करू शकतो.